मागच्या पायरीवरचे आजोबा

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या त्या छोट्या कंपनीत सूनबाईनं महिनोन् महिने खपून रचलेला एक प्रसंग आज कापला जाणार होता. "कुणाला सापडतच नाही, तर ठेवायचा कशाला?" हे मालकांचं म्हणणं, आणि तो प्रसंग त्यांनी कागदावरच वाचलेला. शेवटी तोडगा निघाला: बाहेरचं कुणीतरी खेळेल, सूनबाई तोंडातून ब्र काढणार नाही, सापडला तर राहील. आयत्या वेळी बाहेरचं कोण मिळणार? सासूबाई मिळाल्या.

निवृत्त नर्स त्या. कंट्रोलर त्यांनी तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांत धरला. खेळातली मुलगी आधी भिंतीला धडकली, मग कुंपणाला. मालकांनी कपाळाला हात लावला.

खेळ साधा. मुलगी रोज सकाळी पूल बांधायला निघते. बाण फाटकाकडे दाखवतो आणि खेळणारे त्याच्यामागे सुसाट सुटतात. घरामागच्या पायरीवर आजोबा पाठमोरे बसलेले असतात, तिकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

"अगंबाई, हे कोण बसलंय?" म्हणत सासूबाईंनी मुलीला मागे नेलं. आजोबांनी वाकून तिच्या बुटाची नाडी बांधली.

"येते हं आजोबा," सासूबाई पडद्याला म्हणाल्या.

ड्यूटी संपल्यावर एकेका खाटेपाशी जाऊन सांगून निघणारी बाई ती. खेळातही ती रोज सकाळी मागे जाऊ लागली. पूल रखडला, मालक जांभया देऊ लागले. घरी ज्या सावकाशपणावर सूनबाई करवादायची, त्याचंच आज तिला अपार कौतुक वाटत होतं.

एकदाचा पूल झाला. मुलगी घरी परतली, तर आजोबांची स्मृती गेलेली.

"कोण गं तू?" त्यांनी विचारलं.

बाकी सगळ्यांचा खेळ इथेच संपतो. सासूबाईंचा संपला नाही; त्यांनी रोज सकाळी नाडी बांधून घेतली होती ना! आजोबा अनोळखी नजरेनं मुलीकडे बघत राहिले, आणि त्यांचे हात आपसूक खाली जाऊन नाडी बांधू लागले.

सासूबाईंनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. डोळे वाहत होते. "वॉर्डात पाहिलंय मी हे," त्या कशाबशा म्हणाल्या. "माणूस नाव विसरतो, हात विसरत नाहीत. तुला गं कसं कळलं हे? किती सुंदर केलंयस!"

मालक बराच वेळ चष्मा पुसत होते.

"काढायचा नाही," ते म्हणाले.

"काय काढायचं नाही?" सासूबाईंनी विचारलं.

सांगायला म्हणून सूनबाईनं तोंड उघडलं, आणि तिला हुंदकाच फुटला. सासूबाई घाबरल्या.

"अगं, माझ्या हातून काही बिघडलं का?"