सत्यभामाबाईंचा पाय

वास आधी बाथरूममध्ये यायला लागला, मग पॅसेजमध्ये, आणि शेवटी ओल्गाच्या कपाटातल्या धुतलेल्या कपड्यांनाही. आखातातल्या इंटरनॅशनल सिटी या वस्तीतल्या त्या फ्लॅटमध्ये एक खोली ओल्गा आणि तिचा नवरा नेल्सन यांची, दुसरी सत्यभामाबाईंची. स्वयंपाकघर आणि बाथरूम सामायिक. नेल्सनने प्लंबरला बोलावलं. त्याने जाळी उचलून आत टॉर्च मारला, "इधर से नहीं है," म्हणाला आणि सत्यभामाबाईंच्या दाराकडे मान उडवून निघून गेला.

सत्यभामाबाई सांगलीकडच्या, साठीच्या घरात. आजूबाजूच्या एकट्या पुरुषांना डबे करून द्यायच्या. तोंड फाटकं. वसईहून आणलेले सुके बोंबील ओल्गाने भाजायला घेतले की त्या दार आपटायच्या, आणि स्वतः मात्र सिंकमध्ये खाकरून थुंकायच्या. मध्यंतरी त्यांच्या पायाला काहीतरी लागलं. "शुगर आहे मला, भरायला वेळ लागतो," एवढंच त्या म्हणाल्या. मग डबे बंद झाले आणि त्या खोलीबाहेर दिसेनाशा झाल्या. ओल्गाला खरं तर बरंच वाटलं. सिंक स्वच्छ राहू लागलं.

शनिवारी दुपारी ओल्गाच्या खोलीत प्रार्थनेला मंडळी जमायची. बहुतेक सगळी वसईची. कुणी हॉटेलात, कुणी ऑफिसात. ब्रदर झेवियर वाचन घ्यायचे. एका शिपिंग कंपनीत अकाउंट्समध्ये होते, आवाज गोड, बोलणं मऊ. त्या शनिवारी मंडळी आत आली ती नाकाला रुमाल लावूनच. एक बाई पर्समधून गुलाबाचा स्प्रे काढून पॅसेजमध्ये गेली आणि सत्यभामाबाईंच्या दाराखालच्या फटीत तिने तो भरपूर मारला. गुलाब आणि सडलेलं मांस एकत्र झालं. ओल्गाच्या घशाशी आंबट आलं. तिने सगळ्यांना हसून चहा दिला.

वाचन होतं वाटेकडेला बसलेल्या आंधळ्या भिकाऱ्याचं. येशू तिथून चाललाय हे कळताच तो ओरडायला लागतो, माझ्यावर दया कर म्हणतो, आणि गर्दी त्याला गप्प बसायला सांगते. झेवियर समजावत होते, "डोळे त्याचे गेले होते; पण खरं दिसत होतं ते त्यालाच. आणि डोळे असलेले..."

"ओल्गाऽ" पलीकडून हाक आली. "ए ओल्गा, पाणी दे गं."

झेवियर थांबले. मग म्हणाले, "आपण एक गीत घेऊ."

स्पीकर ओल्गाच्या हाताशी होता. तिने गीत लावलं. हाक पुन्हा आली. तिने आवाज वाढवला. मंडळी टाळ्या वाजवत गाऊ लागली, स्प्रेवालीने तर डोळे मिटून हात वर केले. तिच्या रुमालाचं टोक नाकात खोचलेलं होतं. ओल्गाने ते पाहिलं आणि तिला शिसारी आली. बाईची आली, गुलाबाची आली, आणि मग स्पीकरच्या बटणावर अजून ठेवलेल्या स्वतःच्या बोटाची आली. झेवियर आत्ता सांगत होते ती गर्दी म्हणजे ही खोली. आणि गर्दीत सगळ्यांत मोठा आवाज तिनेच केला होता.

तिने स्पीकर बंद केला. टाळ्या दोन-तीनदा तशाच वाजल्या आणि थांबल्या.

"मी बघून येते," ती म्हणाली.

"ओल्गा सिस्टर, आधी प्रार्थना होऊ दे," झेवियर म्हणाले.

ती गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत एसी बंद, पडदा ओढलेला. सत्यभामाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. गादी ओली होती. पायाला गुंडाळलेला ओढणीचा तुकडा काळा पडून कातडीला चिकटला होता. ओल्गाने एक टोक उचललं. आत पांढरं काहीतरी हललं. अळ्या होत्या.

ती धावत सिंकपाशी गेली आणि सगळा चहा ओकली. नेल्सन मागे येऊन उभा राहिला.

"तुझं काही काम नाही तिथे," तो म्हणाला. "बिल्डिंगवाल्याला फोन कर, खलास."

"अँब्युलन्स बोलव."

"नको!" आतून सत्यभामाबाई ओरडल्या. "माझा व्हिसा संपलाय. पकडून नेतील मला. नुसतं पाणी दे आणि चालती हो."

व्हिसा हा शब्द ऐकला आणि मंडळी उठलीच. एका खोलीत एवढी माणसं कशाला जमली, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, अशी कुजबुज झाली. चपला शोधायला घाई झाली. झेवियर शेवटी निघाले. "आम्ही प्रार्थना करू तिच्यासाठी," ते खाली बघत म्हणाले. नेल्सनने त्यांच्यामागे दार लावलं, थोडा वेळ कडीवर हात ठेवून उभा राहिला, मग खिशातून मोबाइल काढला.

अँब्युलन्स येईपर्यंत ओल्गाने सत्यभामाबाईंना पाणी पाजलं, त्यांची ओली साडी सोडवली, अंग पुसलं. नेल्सनने गरम पाण्याचं पातेलं आणून ठेवलं, तोंड दुसरीकडे करून. सत्यभामाबाई सबंध वेळ शिव्या देत होत्या. दया आली म्हणावं तर तसं काही ओल्गाला वाटत नव्हतं. फक्त किळस होती, आणि हात चालू होते.

अँब्युलन्सवाल्यांनी प्रार्थनेचं कुणालाच काही विचारलं नाही. हॉस्पिटलमध्ये सत्यभामाबाईंचा पाय घोट्याच्या वर कापला. व्हिसाचं प्रकरण इथल्या मराठी मंडळातल्या एका माणसाने हाती घेतलं. कागद होतील, पण वेळ लागेल, म्हणाला. तोवर त्यांना परत त्याच खोलीत आणलं. जखम अजून चिघळत होती, ड्रेसिंग रोज बदलायचं होतं. ते ओल्गा करू लागली. हॉटेलच्या लाँड्रीतली ड्यूटी संपवून यायची, नाकाखाली बाम चोळायची आणि आत जायची. वाटलं होतं, सवय होईल. झाली नाही. पट्टीचा शेवटचा वेढा सुटला की तोंड वाकडं व्हायचंच.

"तोंड काय वाकडं करतेस?" सत्यभामाबाई म्हणायच्या. "नको वाटतं तर नको करूस."

"नकोच वाटतं," ओल्गा म्हणायची. "पाय इकडे करा."

मंडळी आता झेवियरच्या घरी जमत होती. एक दिवस त्यांचा फोन आला.

"ओल्गा सिस्टर, येत्या शनिवारी तू साक्ष दे. देवाने तुझ्या मनात केवढी दया घातली, ते सगळ्यांना कळू दे."

"दया नाही घातली, ब्रदर. मला अजून किळस येते. रोज येते. प्रभूने तेवढं काढलंच नाही. हे सांगू?"

"तेवढं... नको सांगूस."

"मग सांगण्यासारखं काहीच नाही माझ्याकडे. शनिवारी ड्रेसिंग असतं." तिने फोन ठेवला. तिला राग आला होता. थोडी भीतीही वाटली. या परक्या मुलखात तिला तेवढीच चार माणसं होती.

त्या शनिवारी बेल वाजली. दारात झेवियर एकटेच. हातात फार्मसीची पिशवी, कापूस आणि पट्ट्यांची. पिशवी देऊन जातील, असं तिला वाटलं. ते गेले नाहीत.

"मंडळींना सांगून आलो, आज मी नाही," ते म्हणाले. "मला आत येऊ देशील?"

ती बाजूला झाली. सत्यभामाबाईंच्या खोलीत पाऊल टाकताच ते पांढरेफटक पडले, ओकारी दाबत भिंतीला टेकले. ओल्गाने बामची डबी पुढे केली. त्यांनी नाकाखाली बाम लावला आणि पलंगाशी गुडघे टेकून बसले.

"मी काय करू?"

"पाय वर धरा. असा. मी पट्टी सोडते."

पट्टी सुटली. झेवियरच्या डोळ्यांत पाणी आलं, वासाने की कशाने कोण जाणे. पण त्यांनी मान वळवली नाही. समोर जे होतं ते बघत राहिले.

"नीट धर की, मेल्या," सत्यभामाबाई खेकसल्या. "हात कसला कापतोय?"

"हो, मावशी," झेवियर म्हणाले आणि दोन्ही हातांनी पाय घट्ट धरला.