लाल तीर्थ आणि चिरलेली खुर्ची

मुलुंडच्या आमच्या शिरीष सोसायटीत वार्षिक सभेला कधी कोरम भरत नाही. त्या रविवारी सकाळी मात्र हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लिफ्ट बंद पडल्याशिवाय ज्यांना माझी आठवण येत नाही, ते बी-विंगवालेसुद्धा पहिल्या रांगेत हात जोडून बसले होते. समोर चौरंगावर काचेचे ग्लास, ग्लासांत डाळिंबाच्या रसासारखं लाल पाणी आणि त्यामागे हेमबिंदू महाराज.

"हे सुवर्णतीर्थ!" महाराज म्हणाले. "यात साक्षात सोनं विरघळलंय. माणूस खोटं बोलेल, रिपोर्ट खोटं बोलेल, सोनं नाही बोलणार."

मी अनिरुद्ध, सोसायटीचा सेक्रेटरी. महाराजांना हॉल मिळाला तो आमच्या नियमावलीच्या कृपेने. हॉलमध्ये विस्तव पेटवायला बंदी आहे. दृष्ट काढली की मीठ-मोहरी निखाऱ्यावर पडणार, मग धूर, मग वरच्या मजल्यावरून तक्रार. महाराज म्हणाले, "आम्ही पाण्यात टाकतो." झालं! नियमात इतकी चपखल बसणारी अंधश्रद्धा कमिटीने एकमताने मंजूर केली.

महाराजांची रीत ठरलेली होती. दुखणेकरी पुढे आला की त्याच्यावरून मीठ-मोहरी उतरवायची आणि मुठीतली चिमूटभर ग्लासात सोडून ढवळायची. बघता बघता लाल पाणी निळं-जांभळं व्हायचं आणि हॉलभर "अरे देवा" उमटायचं. "दोष निघाला!" महाराज गरजायचे. पुढच्या रविवारी त्याच माणसाला पुन्हा बोलवायचं. या वेळी मुठीत खडीसाखर असे, कारण दोष गेल्यावर तोंड गोड करायला हवं ना! तीच उतरवून तीच ग्लासात. पाणी लालच्या लाल. "रोग गेला! आता बिनधास्त गोड खा."

मला खरं तर हसू येत होतं, पण शेजारच्या राजारामकाकांकडे बघून ते मावळत होतं. काका रोज इन्सुलिन घेणारे. मागच्या रविवारी त्यांचं पाणी लाल राहिलं आणि त्याच दिवशी त्यांनी इंजेक्शन बंद केलं. वर प्रसादाची खडीसाखर चघळत होते. मधुमेह गेल्याचा पुरावा म्हणून साखर! पायाच्या अंगठ्याला झालेली जखम मात्र भरायचं नाव घेत नव्हती, आणि मला त्यांची मनापासून काळजी वाटत होती.

त्यांची मुलगी गंधाली अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत काम करते. आठवडाभर वडिलांना विनवून तिचा घसा बसला होता. त्या दिवशी ती त्यांना घरी न्यायला हॉलमध्ये आली, ग्लासांकडे तिची नजर गेली आणि ती दारातच थबकली.

"दादा," ती माझ्या कानाशी म्हणाली, "हे पाणी मी रोज बनवते."

"काय सांगतेस!"

"गंमत बघ आता."

ती सरळ चौरंगापाशी गेली. "महाराज, एक पेशंट आणू?"

"आण मुली. सोन्यापुढे सगळे सारखे."

गंधालीने कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची ओढत आणली. बैठकीला मधोमध चीर गेलेली, कमिटी दर वर्षी भंगारात काढायचं ठरवते ती. तिने खुर्चीवरून मीठ-मोहरी उतरवली, चिमूट ग्लासात टाकली, ढवळली. पाणी जांभळं झालं. हॉलमध्ये खसखस पिकली.

महाराज कसलेले होते. "बरोबर आहे! हिच्यावर जो जो बसला, त्याचा दोष उतरला."

"मग आता तोंड गोड करू या हिचं." गंधालीने खडीसाखरेची पूड उतरवून दुसऱ्या ग्लासात टाकली. पाणी लालच राहिलं. "रोग गेला! खुर्ची बरी झाली. बाबा, बसा ना."

राजारामकाका उसळले. "वेड लागलंय का तुला? चिरलीय ती! पडेन ना मी!"

"पण पाणी लाल आहे, बाबा."

काकांनी खुर्चीच्या चिरेकडे पाहिलं आणि मग आपल्या अंगठ्यावरच्या मलमपट्टीकडे.

"यात सोनं आहे, तेवढं खरं," गंधाली सगळ्यांना म्हणाली. "सोन्याचा क्षार उकळत्या पाण्यात घ्यायचा, त्यात लिंबाच्या आम्लापासून बनणारं सायट्रेट घालायचं, की सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण तयार होतात. कण सुटे असले की पाणी लाल दिसतं. प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. मीठ पडलं की ती ढकलाढकली थंडावते, कण गोळा होतात आणि रंग निळा-जांभळा होतो. साखरेने असं काही होत नाही."

"म्हणजे आपल्या सभेसारखंच," मी म्हटलं. "सगळे चार हात लांब बसतात आणि वडे आले की एका टेबलाला चिकटतात."

"तसंच! ग्लासाला मीठ कळलं. माणूस कळलाच नाही."

कुंदाकाकू, गंधालीची आई, मागून म्हणाल्या, "अगं, पण तू ह्याच सोन्याने रोग ओळखतेस ना?"

"ओळखते ना, आई. पण त्या कणांवर आधी एक खास रेणू बसवावा लागतो, आपल्याला हवा तोच पदार्थ पकडणारा. मग ते कण लावलेली चाचणीची पट्टी निरोगी आणि आजारी अशा दोन्ही नमुन्यांवर पुन्हा पुन्हा तपासायची. चुकली तर टाकून द्यायची. महाराजांचं तीर्थ कधी चुकलेलं ऐकलंयस?"

महाराजांना एकाएकी गुरूंचा फोन आला. ते ग्लास पिशवीत भरू लागले. कुणी त्यांना अडवलं नाही, पण पाया पडायलाही कुणी वाकलं नाही.

गंधालीने पर्समधून ग्लुकोमीटर काढला. काकांनी निमूटपणे बोट पुढे केलं. आकडा चारशेच्या वर होता. तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. "इन्सुलिन सोबत घेऊन ताबडतोब या, जखमही बघतो," डॉक्टर म्हणाले.

"कुंदा," काका हळूच म्हणाले, "ते इन्सुलिन... टाकून दिलंस का गं?"

"फ्रीजमध्ये आहे, कोथिंबिरीच्या डब्यामागे." काकूंचे डोळे भरून आले. "तुम्हाला नाही म्हणायची हिंमत नव्हती माझी, आणि फेकायचीही नव्हती."

संध्याकाळी काका दवाखान्यातून परतले तेव्हा काकू दारात मीठ-मोहरी घेऊन उभ्या. लेकीची दृष्ट काढायची होती म्हणे, आज फार जणांनी पाहिलं तिला. मी तोंड उघडणार तोच गंधालीने डोळ्यांनी गप्प केलं. काकूंनी दृष्ट काढली, मीठ बेसिनमध्ये टाकलं, हात धुतले आणि घड्याळ बघून काकांना हाक मारली, "चला, इंजेक्शनची वेळ झाली."

त्या मिठाशी माझं भांडण नाही. माझं म्हणणं एवढंच: कुणी पाण्याचा रंग बदलून दाखवला तर नमस्काराआधी विचारा, आत काय टाकलंत? आणि तेच चिरलेल्या खुर्चीवर करून पाहा. ती खुर्ची मी आता भंगारात देणार नाही. हॉलच्या दाराशीच ठेवली आहे. पुढच्या महाराजांना बसायला.