बॅगेने अडवलेली सीट

मित्रांनो, बसमध्ये चढल्यावर तुमची नजर सगळ्यात आधी जिला शोधते, ती मी. मी एक जुनी सीट आहे. लाल एसटीतली, ड्रायव्हरच्या बाजूची, दोघांची, खिडकीजवळची. नागपूर, काटोल, नरखेड आणि तिथून हद्द ओलांडून मध्य प्रदेशातले पांढुर्णा, हा माझा रोजचा रस्ता. हद्द ओलांडली की राज्य बदलते. सीटवरून होणारी भांडणे मात्र तीच राहतात, फक्त हिंदीत होतात.

लोखंडी नळ्या वाकवून कारागिरांनी माझा सांगाडा जोडला, वर फोम बसवला आणि निळे रेक्झिन ताणून घट्ट ठोकले. पहिल्या दिवशी जो बसला तो म्हणाला, "वा, सोफाच हाय गा!" तेव्हापासून मी जरा तोऱ्यातच असते. तोरा का नसावा? या रस्त्यावरच्या किती नवऱ्या, किती पाहुणे आणि संत्र्यांच्या किती पिशव्या मी सांभाळून नेल्या आहेत!

माणसे तोंडाने काय सांगतात यावर माझा फारसा विश्वास नाही. मी त्यांना खालून ओळखते. "जराशीच जागा द्या" म्हणणारा दोन मैलांत मांडी घालून बसतो. "मी पुढच्याच थांब्यावर उतरतो" म्हणणाऱ्याला शेवटच्या थांब्यावर हलवून जागे करावे लागते. आणि जी बाई काही न बोलता कडेला टेकते, तिच्याच मांडीवर शेजारच्यांचे लेकरू झोपते. असा सगळ्यांचा जमाखर्च माझ्याकडे चोख आहे.

आमच्याकडे जागा धरण्याचा एक कायदा आहे. तो कुठेही लिहिलेला नाही, म्हणून सगळे पाळतात. गाडी स्टँडात शिरली की खिडकीतून रुमाल, दुपट्टा, टोपी, जे हाती लागेल ते आत टाकायचे. ज्याची वस्तू, त्याची सीट. मग तो माणूस शेवटी चढला तरी चालते.

या कायद्यामुळेच एकदा नरखेडला घोटाळा झाला.

त्या दिवशी पांढुर्ण्याचा बाजार होता. आमची गाडी नागपूरहून येऊन स्टँडात शिरली आणि लोक धावले. त्यांच्यात मारोतराव होते. मोसंबीची बाग राखणारा, सडसडीत, घाईचा माणूस. त्यांना आपल्या लेकीला, भूमिकाला, घेऊन नागपूरला जायचे होते. पण मारोतराव गाडीची पाटी वाचत नाहीत, गर्दी वाचतात. एवढे लोक धावतात, म्हणजे आपलीच गाडी! दाराशी रेटारेटी पाहून ते हुशारीने मागून वळसा घालून माझ्या खिडकीशी आले आणि भूमिकाची लांबलचक बॅग त्यांनी आत लोटली. बॅग माझ्यावर आडवी पसरली. दोन जागा पक्क्या झाल्या. आता कशाची घाई? मारोतराव चहा प्यायला गेले.

कंडक्टर नत्थूजींनी डबल बेल दिली. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा मागून एका मुलीची हाक ऐकू आली, "बाबा, हे पांढुर्ण्याची होय ना!" माझ्याखेरीज ती कोणाच्याही कानी गेली नाही. आणि मला तोंड नाही.

आता गंमत बघा. गाडीत मुंगी शिरायला जागा नव्हती. म्हाताऱ्या प्रयागबाई गुडघे धरून उभ्या होत्या. कापडाचे व्यापारी ताराचंदजी गठ्ठा डोक्यावर तोलत उभे होते. आणि माझ्यावर ऐसपैस कोण बसले होते? एक बॅग!

"कोणाची होय गा हे?" ताराचंदजींनी विचारले.

"असन कोणाची तरी. मांगं उभा असन तो माणूस," कोणीतरी म्हणाले.

"मंग येत काहून नाही?"

"येईन ना. जागा धरली हाय त्यानं."

संपले. धरली आहे म्हटल्यावर कोणी हात लावीना. तेवढ्यात बॅगेतला फोन वाजला. वाजून थांबला. पुन्हा वाजला. सगळे बॅगेकडे बघत राहिले.

"उचला ना कोणी!"

"दुसऱ्याच्या बॅगेत हात कसा घालावं गा?"

शेवटी प्रयागबाईंनी पदर खोचला. "हटा बाप्पा. मी म्हातारी, मले कोण चोर म्हणते?" त्यांनी चेन उघडली, फोन काढून कानाला लावला, आणि पलीकडून मारोतराव गरजले, "कोण बोलून राहिलं? आमची बॅग कुठी नेऊन राहिले तुम्ही?"

"मी नेऊन राहिली?" प्रयागबाई म्हणाल्या. "अरे बाप्पा, तुह्या बॅगपायी मी कवाची उभी हाय! जागा तू धरली, अन् चढाले इसरला?"

गाडीभर हशा पिकला. मग पलीकडे मुलीने फोन घेतला तशी प्रयागबाईंनी सगळ्यांना हाताने गप्प केले.

"आजी, मी भूमिका बोलून राहिली. त्यात माझे बूट हायेत, अन् आधार कार्ड. आज नागपूरले कबड्डीची निवड हाय. कार्डाशिवाय मॅटवर उतरू देत नाहीत. पुढच्या साली माझं वय बसत नाही, आजी."

प्रयागबाईंनी नत्थूजींकडे पाहिले. "काय करतं आता?"

"गाडी तं वापस नेता येत नाही," नत्थूजी म्हणाले. "पण पांढुर्ण्याहून नागपूरची गाडी समोरून येऊन राहिली. क्रॉसिंग इथंच कुठं होते. ते गाडी नरखेडले थांबते, बॅग तिच्यात देऊन देऊ. पोरीले सांगा, स्टँड सोडू नको."

मित्रांनो, दोन एसटी समोरासमोर आल्या की ड्रायव्हर क्षणभर थांबून खिडकीतून खिडकीत बोलतात, हे तुम्ही पाहिले असेल. लोक म्हणतात, गप्पा मारायला थांबले. त्या दिवशी मात्र सगळी गाडी त्या गप्पांची वाट पाहत होती. वळणावर समोरची गाडी दिसली. आमच्या ड्रायव्हरने दिवे मारले, हॉर्न दिला. ती गाडी वेगात होती. ती पुढे निघते की काय, म्हणून उभे असलेले सगळे माझ्यावरून खिडकीकडे झुकले. माझ्या नळ्या करकरल्या. समोरच्या ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि त्या गाडीची एक खिडकी नेमकी माझ्या खिडकीसमोर येऊन थांबली.

प्रयागबाईंनी फोन बॅगेत टाकला, चेन ओढली आणि बॅग बाहेर सरकवली. पलीकडून एका बाईने ती दोन्ही हातांनी धरली.

"बाई, नरखेडले भूमिका नावाची पोरगी उभी हाय. तिच्याच हाती दे वं! बापाच्या हाती देऊ नको, तो पुन्हा कोणत्या गाडीत फेकीन!"

दोन्ही गाड्या हसल्या आणि दोन दिशांना निघाल्या. प्रयागबाई वळून बघतात तर ताराचंदजी माझ्या टोकावर टेकलेले.

"ताराचंदजी, तुमची टोपी तं डोक्यावरच हाय! जागा कशानं धरली?"

ते निमूट सरकले आणि प्रयागबाई एकदाच्या खिडकीशी बसल्या.

दुपारी आम्ही परत फिरलो, तेव्हाही बाजार करून त्या माझ्यावरच होत्या. नरखेडला मारोतराव चढले. सकाळपासून तो माणूस स्टँडातच होता. बॅग भूमिकाच्या हाती पोचली, पण त्या गाडीच्या दारात एकाच पायापुरती जागा होती. लेक चढली, बाप खाली राहिला. "वेळेत पोचली का नाही, मैदानात उतरली का नाही, काहीच फोन नाही," आवाजावरून ओळख पटताच त्यांनी प्रयागबाईंना सांगितले. "पोरगी वर्षभर पहाटे उठून धावली वं माय. अन् म्या एका चहापायी..." ते माझ्या कडेला टेकले होते, गुडघे आखडून, हातात फोन धरून. माणूस बसला आहे असे मला वाटतच नव्हते, एवढा तो अधांतरी होता.

काटोल मागे पडल्यावर फोन वाजला.

"बाबा, झाली माझी निवड! दुसऱ्या डावात उतरवलं मले!"

मारोतरावांनी हळूच पाठ टेकली आणि त्यांचा सगळा भार माझ्यावर आला. इतकी माणसे मी वाहिली, पण इतका जड आणि इतका सुखाचा भार मला आठवत नाही.

"बोल ना गा," प्रयागबाई म्हणाल्या, "पोरगी वाट पाहून राहिली!"

मित्रांनो, आता माझे निळे रेक्झिन विटले आहे. कोणी ब्लेडने माझी पाठ चिरली, कोणी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी त्या चिरेत कोंबली. मी रडगाणे गाणार नाही, माझ्या नळ्या अजून भक्कम आहेत. एवढेच सांगते की माझ्या पाठीला नख लावण्याआधी थोडा विचार करा. पुढच्या थांब्यावर कोणाचा तरी बाप चढेल, आणि त्याला तिथे पाठ टेकायची असेल.