चार वाजताचं तापमान

अकरा महिने आमच्या कारखान्यात विमानाचं एक चाकसुद्धा दुरुस्तीला आलं नव्हतं. पण परवाना टिकवायचा तर काम नसलं तरी तयारी हवी. हत्यारं वेळेवर तपासून आणायची, पुस्तिकांच्या नव्या आवृत्त्या मागवायच्या आणि सुट्या भागांच्या खोलीचं तापमान रोज सकाळी दहाला आणि दुपारी चारला वहीत टिपायचं. खोली बंद, एसी चालू, तापमान कायम बावीस. तरी टिपायचं.

वही मी माझ्याकडेच ठेवली होती. काकांवर माझा काडीचा भरवसा नव्हता. चाळीस वर्षं विमानं दुरुस्त केलेला माणूस, पण कागद म्हटलं की कपाळाला आठ्या. "सही राहिली!", "तारीख कुठेय?" असा दिवसभर माझा तोंडाचा पट्टा चालू असायचा.

त्या दिवशी तपासणी अधिकारी न सांगता आले. त्यांनी हत्यारं पाहिली, काकांकडून एक जुनं चाक खोलून पुन्हा जोडून घेतलं. बोट ठेवायला कुठे जागा नव्हती. मग त्यांनी वही उघडली.

"ताई, आत्ता किती वाजले?"

"सव्वाअकरा."

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. आजची तारीख, दुपारचे चार, बावीस अंश आणि शेजारी माझी झोकदार सही.

नादुरुस्त भागांना बांधायची एक लाल चिठ्ठी काकांनी खणातून काढली, तिच्यावर आठवणीने तारीख घातली, सही केली आणि माझ्या हातात ठेवली.