येलदरीचा राक्षस

टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट खेळायची, असल्या खेळाचं पुस्तक पुण्याच्या एका लेखकानं छापलं. त्यातला राक्षस पाण्याचा थेंब लागला की मरतो, अन् त्याची गुहा कुठं, तर येलदरी धरणाच्या तळाला! हा बाबा ऐन उन्हाळ्यात येऊन उघडं पडलेलं पात्र बघून गेला असणार. गोष्ट घडते दिवाळीत, तवा तिथं हत्ती बुडंल इतकं पाणी. मी धम्मशीला, येलदरीचीच. चूक कळवली. उत्तर आलं, ‘ताई, आधी नियम नीट वाचा.’

लय झोंबलं.

परवा तोच परभणीत खेळ दाखवायला आला. हॉल भरलेला. मी मुद्दाम त्याच्यासमोरच खेळायला बसले. राक्षसाचं लांबलचक वर्णन करून तो म्हणाला, “दिवाळीची पहाट. राक्षस गुहेत झोपलाय. ताई, तुम्ही काय करता?”

“काहीच न्हाई. धरण भरलंय. राक्षस कवाच मेला.”

तो भराभरा पानं चाळायला लागला.

“सर, आधी नियम नीट वाचा.”

हॉल खदखदून हसला. मान खाली घालून तो दुरुस्तीसाठी पेन शोधायला लागला. माझं पेन माझ्या हातातच होतं. त्याच्याकडं बघत मी ते पर्समध्ये टाकलं.