मी गळत नव्हते

मित्रांनो, मी एक जुनी, स्टीलची पाण्याची बाटली आहे. अंगाला चार पोचे आहेत, पण झाकण अजून घट्ट बसतं. हे आधीच सांगते, कारण माझ्यावर गळकी असल्याचा खोटा आळ आला होता.

कारखान्यात मला पाणी भरून उलटं टांगलं होतं, तेव्हाही मी पास झाले होते. पुढे शिवणकाम करणाऱ्या एका आईने मला लेकीसाठी घेतलं. घरात त्या लेकीला सगळे लाडाने 'बाईसाहेब' म्हणत. ती मला मधल्या सुट्टीआधीच रिकामी करायची. आई म्हणायची, "हिला बाटली नाही, विहीर हवी!" ते ऐकून माझ्या स्टीलच्या अंगावरही मूठभर मांस चढायचं.

पाचवीत तिला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार झाला. डोळ्यांना अंधुक दिसू लागलं, पाय जड झाले. औषधांनी ते बरंच सुधारलं. पण लघवीची घाई अचानक व्हायची आणि स्वच्छतागृह गाठेपर्यंत उशीर व्हायचा. हे तिने कुणालाच सांगितलं नाही. पाणी पिणंच सोडलं आणि घरी येताना ती माझ्यातलं पाणी गुपचूप शाळेच्या बेसिनमध्ये ओतू लागली. मला फार वाईट वाटायचं.

एकदा गणिताच्या तासाला तिचा स्कर्ट ओला झाला. तिने झटकन मला उघडून मांडीवर पालथं केलं. "बाई, बाटली गळली!" वर्ग हसला. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी चिडलेच. पण तिने मला पोटाशी घट्ट धरून ठेवलं. ते जाणवलं आणि माझा राग निवला.

तिसऱ्यांदा ती 'बाटली गळली' म्हणत ओल्या स्कर्टने घरी आली, तेव्हा आईने मला काठोकाठ भरून उलटं धरलं. एक थेंब पडला नाही.

"अगं, ही कुठे गळतेय?"

"मीच गळते, आई," ती मान खाली घालून म्हणाली.

आईने तिला कुशीत घेतलं. "वेडाबाई, एवढं एकटीने सोसलंस?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं, "यात तुझी काही चूक नाही. मेंदूचा निरोप मूत्राशयाला नीट पोचत नाही, म्हणून असं होतं. पाणी तोडू नकोस, त्याने त्रास वाढेल." त्यांनी औषध दिलं, लघवीला जायच्या वेळा ठरवून दिल्या. शाळेत तिला दाराजवळची जागा मिळाली आणि न विचारता जायची मुभाही.

परवा ती तासाच्या मध्येच उठली. मागून कुणीतरी विचारलं, "कुठे गं?"

"लघवीला," ती सगळ्यांसमोर म्हणाली आणि गेली.

मित्रांनो, तुमच्या वर्गात असं कुणी उठलं तर हसू नका, पाय आवरून वाट द्या. ती परत आली ना, तेव्हा तिने मला तोंडाला लावलं आणि ती घटाघटा पाणी प्यायली.