खाऱ्या मातीतलं आंब्याचं झाड

फाल्गुन सरत आला होता आणि खाडीकाठच्या मिठागरांवर ऊन पांढरं पडलं होतं. शुभ्र, निष्ठुर, निःशब्द ऊन. वाफ्यावाफ्यांतून मीठ पिकत होतं, बांधाबांधांवरून लवणगंधी वारा वाहत होता, आणि क्षितिजरेषेपाशी मिठाच्या धवल राशी उभ्या होत्या, एकीमागे एक, एकीमागे एक. डोळे दिपावेत असं ते रूप. लांबून पाहणाऱ्याने त्याला खुशाल सुंदर म्हणावं. लांबून पाहणाऱ्याचं काय जातं?

राशींच्या अलीकडे शाळा होती, शाळेपुढे मांडव होता. मांडवात सतरंज्यांवर मुलं दाटीवाटीने बसली होती, आणि मुलांसमोर, झेंडूच्या हारांनी सजवलेल्या टेबलामागे, लेखिका शरयू चित्रे बसल्या होत्या. आज त्यांच्या नव्या पुस्तकाचं प्रकाशन होतं.

शरयूताईंनी उभं आयुष्य मुलांसाठी लिहिण्यात घालवलं. राजाराणीच्या गोष्टी नव्हेत, खऱ्या गोष्टी. दीपगृहाचा दिवा कसा फिरतो, मधमाशी घरची वाट कशी ओळखते, एवढासा कमानी पूल एवढं ओझं कसं पेलतो. दीपगृहावर लिहायचं म्हणून त्या दीपगृह चढल्या. मधमाश्यांवर लिहायचं म्हणून डंख खाऊन, गाल सुजवून घरी आल्या. मग केस पांढरे होता होता त्या माणसांकडे वळल्या. ज्यांचे पुतळे नाहीत, ज्यांच्या नावाचे चौक नाहीत, अशांची चरित्रं त्यांनी गावोगाव हिंडून लिहिली.

आणि याचं कौतुक काय झालं? सभासमारंभांत भेटेल तो शहाणा मान तिरकी करून विचारी, "आता मोठ्यांसाठी कधी लिहिणार?" लहानांसाठी लिहिणं म्हणजे जणू पाटीवरच्या रेघोट्या. त्या प्रश्नाने शरयूताईंचं पित्त खवळे. मोठ्यांना खोटं सोसतं, त्या म्हणत, त्यांना त्याची सवय असते. मुलाला सांगितलेलं खोटं मात्र मुलाबरोबर वाढतं.

आजचं पुस्तक बामाबाई घरत यांच्यावरचं होतं. याच खाडीची, याच मिठागरांची लेक. पुढे ती परिचारिका झाली. औषधांची पेटी होडीत घालून, भरतीशी झुंजत, ओहोटीशी हुज्जत घालत, ती काठाकाठावरच्या बाळंतिणींपर्यंत पोचत राहिली. किती जीव तिच्या हातांत पहिल्यांदा रडले, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही. ती गेली तेव्हा वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्याही आतल्या पानावर.

तिची धाकटी बहीण यमुना अजून होती. क्षीणदृष्टी, शीर्णदेह, पण आवाज ठणठणीत. लहानपणी काय खेळायचात, असं शरयूताईंनी तिला विचारलं.

"आमाना खेल म्हाईत नव्हता, बाय," ती म्हणाली. "उजाडला का मीठ, मावलला का मीठ."

त्या वाक्यावर शरयूताईंनी पुस्तकाचं पहिलं प्रकरण उभं केलं.

प्रकाशक मनोहर सोवनी यांना ते रुचलं नाही. त्यांच्या बालचरित्रमालेचा दंडकच होता की पहिलं प्रकरण गोड हवं. माणूस कोणी का असेना, त्याने लहानपणी झाडावर चढावं, शेजाऱ्याची खोडी काढावी, खरं बोलून आईची शाबासकी मिळवावी. मग दुसऱ्या प्रकरणापासून थोर व्हायला मोकळं. शरयूताईंच्या हस्तलिखितात यातलं काहीच नव्हतं, म्हणून सोवनींनी फोन केला होता.

"ताई, असलं वाचून मुलं कोमेजतील हो. थोडं बालपण द्या की तिला."

"तिला नव्हतं ते, सोवनी. मी कुठून देऊ?"

"बरं, बघू."

त्या 'बरं, बघू'वर शरयूताई गाफील राहिल्या. शिवाय भांडण ताणण्यात अर्थ नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांची सगळी पुस्तकं सोवनींकडेच होती. सोवनींनी मनात आणलं, तर दीपगृह, मधमाश्या, पूल, माणसं, सगळं आयुष्य गोदामात धूळ खात पडलं असतं.

लाल फीत सुटली. टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी मुलांना देशाचं भवितव्य म्हटलं आणि घड्याळ पाहिलं. मग मुख्याध्यापक उठले आणि म्हणाले, "आता सहावीतली निकिता ठाकूर पहिलं प्रकरण वाचून दाखवेल." सोवनींनी शाळेकडे एक प्रत आधीच धाडली होती, सरावासाठी. लेखिकेकडे धाडायचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं.

निकिता उभी राहिली. तेल लावून चापून बसवलेले केस, दोन वेण्या, घोटून घेतलेला स्वर.

"खाडीकाठच्या बामाच्या अंगणात होतं एक आंब्याचं झाड. झाडाला होता झोपाळा. बामा उंच उंच झोके घेई. कोकिळेला वेडावून दाखवी. दुपारी मैत्रिणींना जमवून भातुकली मांडी..."

शरयूताईंना वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक होतेय. पण मुलीचे उच्चार नितळ होते, आणि एकेक शब्द कानात शिसं ओतावं तसा उतरत होता. आंब्याचं झाड. या मातीत. जिथे तिवरांखेरीज काही तग धरत नाही, जिथे गवताची पातीसुद्धा जन्मतःच करपते, त्या क्षारदग्ध, तृषार्त मातीत यांनी गालिच्यावर वेलबुट्टी काढावी तसा आंबा काढला होता. मुलांत खसखस पिकली. मागून कोणीतरी विचारलं, "आंबा? कुठंशी?" हसू रांगारांगांतून पसरत गेलं.

सोवनी प्रसन्न मुद्रेने शरयूताईंकडे झुकले. "बघा ताई, कशी खुललीत मुलं!"

शरयूताईंची कानशिलं तापली. मांडवाबाहेरचं पांढरं ऊन डोळ्यांत शिरून लाल झालं. बामाचं बालपण कोणी घेतलं असेल ते घेतलं असेल. पण ज्यांनी घेतलं, त्यांनी निदान उघड्यावर घेतलं, उन्हात घेतलं, साऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत घेतलं. या गृहस्थांनी ती चोरीच पुसून टाकली. चोरीच्या जागी झोपाळा टांगला, आणि त्याखाली नाव घातलं शरयू चित्रे. त्यांना गोदाम दिसलं. अंधार दिसला, धूळ दिसली, धुळीखालची आपली चाळीस वर्षं दिसली. त्या उभ्या राहिल्या.

"थांब गं, बाळ."

शरयूताई निकिताकडे वळल्या.

"ही बामा तुला ओळखीची वाटते का?"

निकिताने मुख्याध्यापकांकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं. "नाय," ती म्हणाली. "ही दुसरीकडची असंल. हिच्याकडं आंबा हाय."

"ताई, नंतर बोलू," सोवनी कुजबुजले. "पाहुणे बसलेत."

"बसू देत." शरयूताईंनी मुलांकडे तोंड केलं. "हे प्रकरण मी लिहिलेलं नाही. ते खोटं आहे. ते कोणी लिहिलं, ते हे सोवनी सांगतील. मी लिहिलेलं मी सांगते."

"मग तुमची बाकीची पुस्तकं कुठे छापायची, तेही ठरवून ठेवा," सोवनी दातांआडून म्हणाले.

"ठेवते," शरयूताई म्हणाल्या.

आणि त्या बोलू लागल्या. पाठ केलेलं नव्हतं. पण इतक्यांदा खोडलं, इतक्यांदा लिहिलं होतं की शब्द आपोआप ओठांवर येत गेले.

"बामाला बालपण नव्हतं. बामाला मीठ होतं. उजाडताना ती वाफ्यात उतरे. पायांखाली खारं पाणी, माथ्यावर खारं ऊन, आणि समोर आईची पाठ, वाकलेली. आई मीठ ओढी, बामा पाटीत भरी. पाटी डोक्यावर, डोक्यावरून राशीवर, राशीवरून पुन्हा वाफ्यात. मीठ आधी टाचा खातं. टाचांना भेगा पडतात, भेगांत पुन्हा मीठ जातं. बामा रडत नसे, कारण अश्रूही खारेच असतात, आणि खाऱ्याचा तिला वीट आला होता. ती पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा मांडी घालून बसली आणि परकर ओढून पाय झाकले. वर्गात कोणी ते पाहू नयेत म्हणून. शाळा सुटेपर्यंत ती हलली नाही."

कोणी हसलं नाही. कोणी कोमेजलंही नाही. वाऱ्याने मांडवाचं कापड एकदा फुगलं आणि बसलं. निकिता तशीच उभी होती. तिने पुस्तक मिटलं, टेबलावर ठेवलं, आणि आपल्या जागी जाऊन बसली. बसताना तिने मांडी घातली नाही. दोन्ही पाय सरळ समोर पसरले.

तिच्या टाचा पांढऱ्या होत्या, उभ्या-आडव्या चिरलेल्या.

शेजारच्या मुलीने पाहिलं, आणि तिनेही पाय बाहेर काढले. मग तिच्या मागच्याने. मग पलीकडच्या दोघींनी. सतरंजीभर कोवळी पावलं उघडी होत गेली, रांगेमागून रांग. शनिवार-रविवारी आईमागे वाफ्यात उतरणारी पावलं, लवणदंशित, भेगाळलेली, सगळ्यांचे तळवे टेबलाकडे, हारांकडे, पाहुण्यांच्या तोंडाकडे.

"पाय आत घ्या," मुख्याध्यापक दबक्या आवाजात ओरडले. "मोठी माणसं बसलीत समोर. पाय आत घ्या रे."

कोणी पाय आत घेतले नाहीत. ऊन मांडवात सरकत आलं, पहिल्या रांगेच्या तळव्यांवर चढलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. आणि भेगाभेगांतलं मीठ चमकत राहिलं.